"टीचर, तुम्ही बघितलंत का?" येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मरणातून पुन्हा उठणं, मुलांना कसं सांगायचं?

नगरची_टीचर:
नमस्कार मंडळी. मी सहा वर्षं चर्चमध्ये संडे स्कूल घेते, आठवी ते दहावीची मुलं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, नेहमीसारखं येशूच्या रिकाम्या कबरेचं सांगत होते, धोंड लोटलेली, तागाची वस्त्रं तशीच पडलेली, तर एक पोरगा मागच्या बाकावरून म्हणाला, "टीचर, तुम्ही बघितलंत का?" सगळा वर्ग हसला, मीपण हसले, पण खरं सांगते तोंडाला कोरड पडली. म्हटलं बायबलमध्ये लिहिलंय ना. तर म्हणे, ते तुम्ही वाचलंत, बघितलं कुठे! आता ईस्टरला तोच वर्ग समोर आहे. यूट्यूबवर पुराव्यांचे व्हिडिओ ढिगानं आहेत, ते दाखवू का? की दुसरं काही सुचतंय?

निवृत्त_पाळक:
ताई, सरळ सांगा की नाही बघितलं. बघितल्याचा आव आणला की पोरं दुसऱ्या मिनिटाला ओळखतात. बायबलमधलं 1 करिंथ 15 काढा, प्रेषित पौलाचं करिंथच्या मंडळीला पत्र आहे ते. पौल म्हणतो मला जे मिळालं तेच मी तुमच्या हवाली केलं, आणि मग उठलेला येशू कुणाकुणाला दिसला ती नावंच सांगत जातो, केफा म्हणजे पेत्र, मग बारा शिष्य, मग एकाच वेळी 500 हून जास्त बंधू, त्यातले बहुतेक अजून हयात आहेत असंही घालतो. पत्र साधारण इ.स. 55 चं, म्हणजे वधस्तंभानंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेलं, तेव्हा "हयात आहेत" याचा अर्थ जा आणि विचारा त्यांना. स्वतःचं मात्र सगळ्यात शेवटी, मलाही दिसला, एवढंच. आधी हाती आलेलं, मग आपलं. चाळीस वर्षं उपदेश केला मी, पण हा क्रम उशिरा कळला, आधी बराच काळ उलटंच करायचो.

काळा_कोट:
मी सेशन कोर्टात प्रॅक्टिस करतो, म्हणून माझे दोन पैसे. तिघे साक्षीदार शब्दन् शब्द एकच बोलले की कोर्टाला पहिला वास येतो तो पढवलेल्या साक्षीचा. शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूच्या आयुष्याची चार पुस्तकं, काढून बघा, मार्क कबरेपाशी तीन बायका सांगतो, मत्तय दोन, योहान नावानं एकटी मग्दालीया मरीया, लूक तिच्यासोबत योहान्ना आणि इतर बायका. कुणी बसून जुळवून घेतलं असतं तर हे आधी नीट केलं असतं ना? आणि साक्षीदार कोण, तर बायका, ज्यांच्या साक्षीला तेव्हा फारशी किंमत नव्हती. प्रेषितांनाही, म्हणजे येशूच्या खास शिष्यांनाही, ती बडबड वाटली, लूक 24:11. खोटं रचणारा माणूस असा साक्षीदार उभा करत नाही.

निवृत्त_पाळक:
वकीलसाहेब, मुद्दा चांगला आहे पण फार ताणू नका. वर्गात उलटतपासणी सुरू झाली की पोरं केस जिंकायला बसतात, ऐकायला नाही.

सहज_वाचक:
मी ख्रिश्चन नाही, सहज वाचत होतो. आमच्या सोसायटीत मध्ये कुणी पत्रकं वाटून गेले, त्यातलं एक अक्षर आठवत नाही. पण शेजारच्या मावशींचा मुलगा ऐन तिशीत गेला, तेव्हापासून त्या ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात जातात, स्टीलच्या डब्यात मेणबत्त्या, काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. एकदा मी विचारलं इतक्या लवकर का, तर म्हणाल्या, "परत भेटायचंय ना." पुढे काही नाही, डबा उचलला आणि गेल्या. ते मात्र डोक्यातून जात नाही.

वसईकर:
आमच्याकडे ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चचे सगळे दिवे घालवतात, बाहेर अग्नी पेटवून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती लावतात, तिच्यावर चालू वर्षाचे आकडे कोरलेले असतात. मग एकाच्या मेणबत्तीवरून दुसऱ्याची पेटत जाते. लहान असताना माझी नेहमी विझायची, शेजारचा कोण का असेना, न विचारता आपली पुढे करायचा. ताई, हे करून बघा वर्गात, फक्त पडद्यांपासून लांब. आणि मग्दालीयेचं सांगाच. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये तिच्या 22 जुलैच्या दिवसाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा दिला, प्रेषितांना बातमी देणारी पहिली तीच म्हणून.

नगरची_टीचर:
सगळ्यांचे आभार, कालच वर्ग झाला. व्हिडिओ नेले नाहीत. आल्या आल्या म्हटलं, नाही बघितलं, आजीनं सांगितलं. तर पठ्ठ्या म्हणतो, मग आजीला कुणी सांगितलं? मी फळ्यावर लिहायला लागले, मी, आजी, आजीची आई, ती मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली, तिच्या बाईंचं नाव मला माहीत नाही, मग नगरला 1831 मध्ये आलेलं अमेरिकन मराठी मिशन, त्याच्या पुढे माझी गाडी अडली. तो उठला, हातातला खडू घेतला, मधे हातभर जागा मोकळी सोडली आणि खाली लिहिलं मग्दालीया मरीया. नाव चुकीचं लिहिलं होतं, मी खोडलं नाही. मग म्हणाला, हिनं तरी बघितलं होतं ना? मी हो म्हणेपर्यंत बाहेर बटाटेवडे आले आणि वर्ग रिकामा. पुढच्या रविवारी थोमाचा धडा आहे, बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य तो, पहिल्या बाकावर बसणार म्हणतोय.