औंधच्या संग्रहालयात नवीन चित्रं लागलीत म्हणे, जावं का?

फिरस्ता_पुणे:
औंधच्या भवानी संग्रहालयात (आपलं पुण्याचं औंध नाही, सातारा जिल्ह्यातलं) नवीन चित्रं मांडलीत असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. रविवारी आईबाबा आणि आठवीतला भाचा असं निघायचं चाललंय, आईला यमाईचं दर्शन होईल म्हणून उत्साह आणि बाबा म्हणतात चित्रं बघायला एवढं लांब कशाला, मोबाईलवर दिसतात की. हल्ली कोणी गेलंय का?

कोरेगावकर:
नवीन काय लागलंय ते फोन करून विचारा, फॉरवर्डवर नका जाऊ. पण नवीन नसलं तरी जाच. रविवर्म्याची सैरंध्री आहे तिथे, दमयंती आहे, अस्सल ऑइल पेंटिंग्ज. आपण सगळे त्याच्या छापील लक्ष्मी-सरस्वती बघत मोठे झालो ना, त्यामुळे खरं चित्र समोर आलं की साडीच्या काठावरून नजरच हलत नाही. बाबांना तिथे उभं करा, मोबाईलचं नाव काढणार नाहीत 😄 भाच्याला मात्र गोष्ट आधी सांगून ठेवा, राणी सुदेष्णेनं सैरंध्रीला, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीला, आपल्या भावाकडे, कीचकाकडे मद्य आणायला धाडलंय हे माहीत नसेल तर पोराला ती नुसतीच उदास बाई वाटायची.

रंगपेटी:
झालं, परत रविवर्मा! आणि चित्रकार धुरंधरांच्या चित्रांसमोरून लोक सरळ पुढे निघून जातात. कोल्हापूरचा माणूस, मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकला, तिथेच शिकवलं, ड्रॉइंगवर काय हात होता, बायकांच्या नेसण्याच्या तऱ्हा बघा फक्त. आणि हेन्री मूर या ब्रिटिश शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल चुकवू नका, खटाव तालुक्यातल्या डोंगरावर हेन्री मूर, विश्वास बसत नाही. हे सगळं जमवलं भवानराव पंतप्रतिनिधींनी, १९३८ ला संग्रहालय उभं केलं, स्वतः चित्रं काढायचे, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे ते हेच. सकाळी जा, नैसर्गिक उजेडात रंग खुलतात.

फिरस्ता_पुणे:
अरे ते हेच का! बाबा रोज घालतात सूर्यनमस्कार, आता तेच आधी गाडीत बसतील. रस्ता कुठून घेऊ?

कोरेगावकर:
सातारा, रहिमतपूर, औंध. डोंगरावरच्या मूळपीठ यमाईच्या वाटेवरच संग्रहालय लागतं. आधी देवी उरकून घ्या, नाहीतर आईंचं लक्ष चित्रांत लागायचं नाही.