दापोडीच्या बंगल्यातलं मांजर

काल तिन्हीसांजेला गेटमधून एक बोका बाहेर पडला आणि आमचे वॉचमनकाका नेमके तेव्हाच खुर्चीतून उठले. मला एकदम आजोबा आठवले. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, दापोडीच्या लाटसाहेबाची गोष्ट त्यांचीच. मुंबईचा गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट १८३८ च्या जुलैत तिथल्या बंगल्यात वारला. त्याच संध्याकाळी पुढच्या दारातून एक मांजर निघालं आणि साहेब रोज फेऱ्या मारायचा त्याच वाटेवर येरझारा घालू लागलं. पहाऱ्यावरच्या शिपायाने पाहिलं. भटजी म्हणाले, साहेबाचा जीव मांजरात गेला. पण नेमक्या कुठल्या? मग ठरलं, अंधार पडल्यावर पुढच्या दाराने जे मांजर जाईल त्याला सलामी. पंचवीस वर्षं पहारा बदलताना हा हुकूम तोंडी पुढे जात राहिला! सांगताना आजोबा लाटणं खांद्याला लावून टाचा जुळवायचे, लाटण्याचं पीठ सदऱ्याला लागायचं. आजी ओरडायची. तुमच्याकडच्या गोष्टी लिहा ना.

*

ग्रँट रोडवाला ग्रँट हाच का?

*

हो हाच. ग्रँट मेडिकल कॉलेजही त्याच्याच नावाचं. माझी मावशी तिथे शिकली. तिच्या होस्टेलच्या गोष्टी वेगळ्याच, कुकर उतरवून लिहिते.

*

बंगला मुळात कॅप्टन फोर्डचा. पेशव्यांची कवायती पलटण दापोडीला होती, तिचा हा अधिकारी. पेशव्यांकडचे मोरो दीक्षित त्याचे जिवलग मित्र. पेशव्यांची इंग्रजांशी लढाई होणार आणि फोर्ड इंग्रजांकडून लढणार हे कळल्यावर दोघांनी एकमेकांना शब्द दिला, जो उरेल त्याने दुसऱ्याचं कुटुंब सांभाळायचं. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीच्या लढाईत मोरो दीक्षित पडले, आणि तेही फोर्डच्याच पलटणीच्या तोफेने. मांजराआधी मला तर हेच आठवतं. वडील हे सांगताना पुढे बोलायचेच नाहीत.

*

अरे बापरे. अंगावर काटा आला.

*

मी घाईत दापोली वाचलं 😀 आमच्या दापोलीलाही गोऱ्यांचा कँप होता, म्हणून वाटलं आमचंच भूत आलं. लोकलमध्ये आहे, उभी.

*

भूत माहीत नाही, पण त्या बंगल्याला सरकारी बाग होती. डॉ. गिब्सन तिची व्यवस्था बघायचे. त्यांनी इथल्या एका चित्रकाराकडून झाडांची चित्रं काढून घेतली, ती आज एडिंबरोला जपून ठेवलीत. चित्रकाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

*

पुढे गव्हर्नर गणेशखिंडीला गेले, म्हणजे आपल्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आम्ही रात्री तिथे पैज लावून जायचो. मांजरं भरपूर, सलामी कुणी दिली नाही. आता गेले की देईन.

*

ताई, वॉचमनकाकांना ही गोष्ट सांगितलीत का?

*

आत्ताच सांगून आले. त्यांनी काठी सरळ धरून दाखवली, अगदी आजोबांसारखी. बोका टाकीवर बसलाय, दूध ठेवलंय.