चुकीच्या पद्धतीने जोडलेले जुने मॉडेल-कारचे किट पुन्हा उघडून नीट करता येईल का?

प्रश्न

नमस्कार. १:२५ प्रमाणातील एका जुन्या मोटारीचे प्लास्टिक किट मी विकत घेतले आहे. आधीच्या मालकाने ते जोडून, रंगवून ठेवले होते. सगळे भाग जागेवर आहेत, एकही हरवलेला नाही, आणि केवळ त्यामुळेच ते वाचवावे असे मला मनापासून वाटते. जोडणी मात्र फार घाईत केलेली दिसते. लाल रंग ब्रशने इतका जाड दिला आहे की दरवाज्यांच्या कडेच्या रेषा जवळजवळ बुजल्या आहेत, पुढचा बंपर एका बाजूला झुकला आहे आणि पुढच्या काचेवर गोंदाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा कायमचा उमटला आहे. गाडी टेबलावर ठेवली की डावे पुढचे चाक अधांतरी राहते.

रंग निघतो का हे पाहण्यासाठी मी चासीच्या खालच्या बाजूला नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवला. रंग निघाला, पण खालचे प्लास्टिकही चिकट होऊन त्यावर बोळ्याचे धागे रुतून बसले, म्हणून पुढे हात लावलेला नाही. सुरुवात कोठून करावी?

पहिले उत्तर

थांबलात हे फार चांगले केलेत. ही किटे पॉलिस्टायरीन या प्लास्टिकची असतात आणि नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळते. सुपरग्लू सोडवण्यासाठी मिळणारी बहुतेक द्रावणेही ॲसिटोनचीच असतात, त्यामुळे तीही येथे चालणार नाहीत. चिकट झालेली जागा आठवडाभर तशीच वाळू द्या आणि पूर्ण कडक झाल्यावरच घासा.

काहीही उघडण्यापूर्वी प्रत्येक सांधा कशाने जोडला आहे हे भिंगातून पाहून घ्या, कारण पुढचे सगळे काम त्यावरच ठरते. किटांसाठीचा नेहमीचा गोंद प्लास्टिक वितळवून दोन भाग एकजीव करतो. असा सांधा भरपूर गोंद लावून नीट बसला असेल तर तो सुटत नाही, कापावाच लागतो. सुपरग्लू मात्र प्लास्टिकमध्ये शिरत नाही. त्याचा काचेसारखा कडक थर दोन भागांच्या मध्ये राहतो आणि त्याच्या भोवती पुष्कळदा पांढुरकी धूसर झाक दिसते. अशा सांध्यांसाठी गाडी पिशवीत घालून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवावी. थंडीने सुपरग्लू ठिसूळ होतो आणि पातळ पाते सांध्यात सरकवून हलकेच पिळले की भाग टचकन सुटतो. पाते सुटले तर बोटाच्या दिशेने येणार नाही, अशा रीतीने गाडी धरा.

तिसरा प्रकार आपल्या सर्वांत उपयोगाचा आहे. घाईत जोडणारे लोक रंगावर किंवा क्रोमच्या मुलाम्यावरच गोंद लावतात. मग गोंद प्लास्टिकला धरत नाही, रंगाला धरतो, आणि रंग उतरवला की तो सांधा आपोआप ढिला पडतो. तुमचा बंपर बहुधा असाच बसवलेला असेल. म्हणून माझा क्रम असा असतो: आधी काचा बाहेर काढायच्या, मग रंग उतरवायचा आणि त्यानंतर जे सुटले नाही तेवढ्यापुरतेच पाते हातात घ्यायचे.

काचांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पुष्कळ जुन्या किटांत पुढची व मागची काच मिळून एकच पारदर्शक तुकडा असतो आणि तो छताच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. तो सुटत नसेल तर दिसणाऱ्या काचेला हात न लावता, छताखालचा बाहेरून न दिसणारा जोडपट्टा कापावा. काचेवर जोर दिला तर तिला तडा जातोच, शिवाय शेजारचा छताचा बारीक खांबही मोडतो.

दुसरे उत्तर

वरील क्रम योग्य आहे, पण सगळेच उघडलेच पाहिजे असे नाही. इंजिनाचे दोन अर्धे एकजीव झाले असतील आणि फट बुजवून चालत असेल तर त्यांना हात लावू नका. माझ्या एका गाडीचे उत्तम जोडलेले इंजिन मी केवळ हट्टाने उघडले आणि त्याच्या बाजूवरचे सगळे बारीक कोरीवकाम पात्याखाली गेले.

रंग उतरवण्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलपासून सुरुवात करावी. न दिसणाऱ्या जागी कापसाची काडी मिनिटभर चोळा. काडीवर रंग आला तर फक्त बॉडी झाकणाच्या डब्यात बुडवून रात्रभर ठेवा आणि सकाळी मऊ टूथब्रशने दरवाज्यांच्या रेषा साफ करा. जुना इनॅमल रंग अल्कोहोलला दाद देत नसेल तर सोडियम हायड्रॉक्साइड असलेले क्लीनर वापरावे लागते. ते पॉलिस्टायरीनला इजा करत नाही, पण त्वचेला व डोळ्यांना घातक आहे. रबरी हातमोजे, चष्मा आणि उघडी खिडकी यांशिवाय ते वापरू नये. पारदर्शक भाग यांपैकी कशातही बुडवू नयेत.

खराब झालेला क्रोम कपडे शुभ्र करण्याच्या ब्लीचमध्ये निघून जातो, मात्र त्याखालचा पिवळसर लाखेचा थर मागे राहतो आणि तो निराळा काढावा लागतो. ब्लीच आणि अल्कोहोल कधीही एका भांड्यात येऊ देऊ नका. त्यांतून विषारी पदार्थ तयार होतात. भाग मध्ये भरपूर पाण्याने धुवून घ्या.

प्रश्नकर्त्याची पुढची नोंद

मनःपूर्वक आभार. बंपर अल्कोहोलमध्ये खरोखरच आपोआप सुटला. आसने व डॅशबोर्ड फ्रीझरनंतर निघाले. छतातला जोडपट्टा कापून काच वाचवली, पण बॉडी घासताना डाव्या बाजूचा पुढचा खांब माझ्या हातून मोडलाच. शिवाय टायर काढताना दिसले की जेथे टायर रिमला टेकत होते तेथे रिमचे प्लास्टिक वितळून खोल खाच पडली आहे. हे गोंदामुळे झाले असेल का?

तिसरे उत्तर

नाही, हा दोष टायरचा आहे. जुन्या किटांतले मऊ टायर व्हिनाइलचे असतात आणि त्यांना मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येऊन पॉलिस्टायरीनला खाते. खाच भरण्यासाठी स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिचे) बारीक तुकडे किटांच्या पातळ गोंदात विरघळवून घट्ट लगदा करा व तो थरथराने भरा. प्लास्टिक त्याच जातीचे असल्याने ते पुढे एकसारखे घासले जाते. मात्र हा लगदा वाळताना आकसतो, म्हणून किंचित जास्त भरावा आणि चार-पाच दिवस त्याला हात लावू नये. टायर परत चढवताना रिमभोवती पातळ धातूच्या पत्र्याची एक फेरी घाला. केवळ रंगाच्या थरावर विसंबू नका.

मोडलेला खांब नुसता चिकटवला तर पुन्हा मोडेल. दोन्ही टोकांना अर्धा मिलिमीटर व्यासाचे छिद्र पाडून पितळी तारेची खिळी घाला आणि मग जोडा. जोडताना काच आत बसवून पाहा, म्हणजे खांबाचा कल आपोआप बरोबर येईल.

काचेवरचा ठसा पुसून जाणार नाही, कारण तेथे पृष्ठभागच वितळला आहे. १००० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून ठशाच्या रेषा पूर्ण नाहीशा होईपर्यंत घासा. काच दुधासारखी होईल, त्याने घाबरू नका. मग १५००, २००० आणि त्यापुढचे बारीक कागद वापरा, प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदला आणि शेवटी पॉलिश लावा. आधीच्या कागदाचा एकही ओरखडा शिल्लक असताना पुढचा कागद घेतलात तर तो ओरखडा शेवटी हमखास दिसतो.

चाकांसाठी चासी सपाट काचेवर ठेवून प्रत्येक टायरखाली कागदाची पट्टी सरकवा. जेथे ती मोकळी जाते तो कोपरा वर आहे. दर वेळी दोष चाकाचाच असतो असे नाही. चासीलाच पीळ असू शकतो. तसे असेल तर ती ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या पाण्यात थोडा वेळ धरून हाताने सरळ करा आणि तशीच धरून थंड पाण्यात बुडवा. उकळत्या पाण्यात मात्र घालू नका, कारण १०० अंशांच्या आसपास पॉलिस्टायरीन आपला आकारच सोडून देते.

रंगापूर्वी राखाडी प्रायमरचा पातळ हात द्या. साच्याच्या ज्या रेषा आधीच्या मालकाने छताच्या खांबांवर व मडगार्डवर तशाच ठेवल्या असतील, त्या आत्ताच उठून दिसतील. पात्याची धार आडवी धरून त्या खरवडा आणि पुन्हा प्रायमर द्या. बॉडीचे प्लास्टिकच लाल असेल तर प्रायमरवर चंदेरी रंगाचा एक थर देऊन मगच फिकट रंग मारा, नाहीतर आतला लाल रंग काही दिवसांनी वर झिरपतो आणि पांढरी गाडी गुलाबी दिसू लागते. खांब बसवून झाला की प्रायमर देण्यापूर्वी तेवढ्या भागाचे छायाचित्र टाका, म्हणजे कल बरोबर आला आहे की नाही हे सांगता येईल.