बागेत खिशात ठेवायला कुठल्या आकाराचं पातं घ्यावं?

बागायतदार_तासगाव
राम राम मंडळी. दोन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या दिवाळीत मेव्हण्यानं घडीचा चाकू दिला. दिसायला लई भारी, पाठीला पुढं खोलगट काप आणि निमुळतं टोक. क्लिप पॉइंट म्हणतात म्हणे. पहिल्याच आठवड्यात ठिबकचा जॉइनर उचकटताना टोक मोडलं. माझं रोजचं काम म्हणजे सुतळी, ठिबकची नळी, खताच्या पोत्याची शिलाई. ऑनलाइन बघितलं तर ड्रॉप पॉइंट, टँटो, शीप्सफूट, हॉकबिल... डोकं गरगरलं. सप्टेंबरात डॉगरिजच्या (रानटी जातीच्या द्राक्षाच्या) खुंटावर कलमं पण करायचीत. सगळ्याला चालेल असा एकच चाकू सांगा.

कलमवाला_पलूस
दादा, टोक मोडलं ते चाकूच्या चुकीनं नाही. क्लिप पॉइंटला पाठीकडनं लोखंड काढलेलं असतं, म्हणून टोक बारीक. भोक पाडायला बरं, उचकटायला गेलं की कट्टदिशी जाणार. ड्रॉप पॉइंटची पाठ हळूहळू उतरते, टोकाशी जाडी राहते, तो जरा तग धरतो. पण जॉइनर उचकटायला पक्कड असते हो!

आता कलमांचं. बावीस वर्षं हेच करतोय म्हणून सांगतो, एकच चाकू हा नाद सोडा. कलमाचं पातं सरळ लागतं आणि धार एकाच बाजूनं. दुसरी बाजू सपाट, ती काडीकडं, म्हणजे खुंटावर बसवायच्या फांदीकडं धरायची. काडीला दीड इंचाची पाचर काढायची, ती पण एका ओढीत. पोट सुटलेल्या, म्हणजे धार बाहेर फुगलेल्या पात्यानं ती सपाट निघत नाही, खुंटाच्या चिरेत बसवली की आत पोकळी राहते. सालीखालचा ओला थर एकमेकाला भिडला नाही तर काडी वाळून जाते, वर कितीही पट्टी गुंडाळा.

मी डावरा. पहिले दोन हंगाम उजव्या हाताच्या चाकूनं काम केलं, पाचर वाकडीच यायची. मुकादम म्हणायचा, पोराच्या हातात वळण नाही. शेवटी एका वर्कशॉपातनं पॉवर हॅक्सॉचं जुनं पातं आणलं आणि उलट्या बाजूनं धार काढून घेतली. तोच चाकू अजून चालतोय. मनगटावरचा केस उडला तरच बागेत नेतो. एकदा मालकाच्या पोरानं त्यानं मातीत पडलेली नळी कापली. धारेला वाळू लागली, आणि मला कळेपर्यंत पन्नासएक काड्या फुकट. तेव्हापासून तो चाकू कुणाच्या हातात देत नाही, बायकोच्या पण नाही.

माणदेशी_मेंढका
शीप्सफूट वाचून हसू आलं. शीप म्हंजे मेंढी, फूट म्हंजे पाय. आमच्यात खुरं काढायला असलंच पातं असतंय, धार सरळ आणि पाठ पुढं वाकून धारेला मिळालेली. पावसाळ्यात मऊ जमिनीवर खुरं झिजत नाहीत, वाढून आत वळतात. मेंढी बसवून गुडघ्यात धरली आणि तिनं पाय झटकला, तरी टोक नसल्यामुळं आपल्या मांडीत काय घुसत नाही. सुतळीला, नळीला हेच घ्या. धार लावायला पण सोपं, सगळी धार एकदम दगडावर बसते. टँटोला पुढं कोपरा असतोय, तिथं धार लावणं म्हंजे डोक्याला ताप.

वाईची_सून
आणि हॉकबिल म्हणजे आपला विळाच की! आत वळलेली धार, ओढलं की देठ त्यात अडकतो, निसटत नाही. वायरमन लोक केबल सोलायला तसलंच पातं वापरतात. पण सपाट दगड आतल्या वळणावर जात नाही, गोल कानस लागते. आमच्या घरी ती कायम हरवलेली असते, त्यामुळे विळा बोथटच. सासरे म्हणतात माझ्यामुळे.

कलमवाला_पलूस
मेंढकाभाऊ बरोबर बोलले. दादा, नवीन कशाला घेता? मोडलेला आहे तोच घासा. पाठ पुढं उतरवत धारेला मिळवा, झालं शीप्सफूट. ग्राइंडरवर दोन सेकंद धरायचं की पाण्यात बुडवायचं. पातं निळं पडलं तर त्याचं पाणी, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, गेला म्हणून समजा, मग धार टिकत नाही.

बागायतदार_तासगाव
आज घासून घेतला. पाऊण इंच पातं गेलं. एका जागी पिवळसर झाक आली तेव्हा घाबरून बादलीतच टाकला, पण निळा पडला नाही. सुतळी एका ओढीत तुटते आणि नळीचा काप सरळ येतो, जॉइनर नीट बसला. कलमाचा वेगळा घेतो, उजव्या हाताचा. मेव्हण्याला अजून काय सांगितलं नाही. रविवारी येणार आहे.