मदत हवी आहे: ‘हा ऐकून शिकणारा मुलगा आहे’, मग याला अपूर्णांक कसे शिकवू?

नमस्कार. मी नागपुरात नंदनवनला घरीच शिकवणी घेते. सहावीची सात पोरं, आमचा हॉल आणि एक फळा, एवढाच पसारा. गेल्या आठवड्यात एका मुलाच्या आईने फाइल आणून दिली. कुठेतरी फी भरून ‘लर्निंग स्टाइल’ची चाचणी करून घेतली म्हणे. मुलगा ‘श्रवण’ प्रकारचा निघाला. "मॅडम, त्याला लिहायला नका लावू जी, नुसतं बोलून सांगा." दोन दिवसांनी एका मुलीचाही अहवाल आला, ती ‘दृश्य’. आता उरलेल्या पाच जणांचेही येतील अशी धास्ती आहे.

सध्या अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. १/३ अधिक १/४ किती? तर २/७! वरचे वर मिळवले, खालचे खाली, मोकळे. या मुलाला तोंडी समजावलं. त्याने मान डोलावली आणि वहीत पुन्हा २/७. मग हाताने करून दाखवू म्हणून संत्री आणली, नागपुरात राहून दुसरं काय आणणार! पण एका संत्र्यात दहा फोडी निघाल्या, दुसऱ्यात अकरा, त्यातही दोन चिमुकल्या. ‘समान भाग’ कुठे आहेत ते पोरांनीच मला विचारलं. गणित राहिलं, संत्री संपली.

शेवटी बारा चौकटींच्या कागदी पट्ट्या दिल्या. तिसरा हिस्सा म्हणजे चार चौकटी, चौथा म्हणजे तीन, मिळून सात, म्हणून ७/१२. हे सगळ्यांना पटलं, आणि सगळ्यात भराभर चौकटी रंगवल्या त्या ‘ऐकून शिकणाऱ्या’नेच! पण सोमवारी विचारलं तर निम्म्यांचं परत २/७.

सात पोरांना सात तऱ्हांनी शिकवायचं कसं? खरंच शिकवायला हवं का? बी.एड.ला आम्ही हे पाठ केलं होतं, म्हणून खोटं म्हणायचा धीर होत नाही.

प्रतिसाद:
ताई, माझंही तेच पाठांतर होतं. बघणारे, ऐकणारे, वाचून-लिहून शिकणारे, करून शिकणारे ही ‘व्हार्क’ची विभागणी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची, १९९२ च्या सुमाराची. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच. पण आवडीप्रमाणे शिकवलं की जास्त शिकतात, याला पुरेसा पुरावा नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून हेच मांडलं. पद्धत मुलावरून नाही, धड्यावरून ठरवा. नकाशा बघावाच लागतो, कविता ऐकावीच लागते. तुमची पट्टी सातही जणांना चालली ती त्यामुळेच.

सोमवारचं विसरणं हा वेगळा आजार. रोज सुरुवातीला वही बंद ठेवून कालचं एक उदाहरण सोडवायला लावा. चुकू द्या, मग पट्टी काढा. दोन-चार दिवसांनी तेच पुन्हा विचारा.

आणि तो मुलगा कुठे बसतो? ‘ऐकून शिकणाऱ्या’ पोरांना कधी कधी फळाच दिसत नसतो.

धागाकर्ती:
मागच्या भिंतीला टेकून बसतो, दाराशी! आज पुढे बसवलं. फळ्यावरचं वाचताना तरीही डोळे बारीक करत होता. आईंना फोन करून डोळे तपासून घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, "दाखवतो ना मॅडम. पण मग त्या फाइलचे पैसे गेले का?"