डिलिव्हरी विंडोला मराठीत काय म्हणायचं? खिडकी लिहून फजिती झालीये

चहाबाज:
मंडळी जरा मदत करा. मी अ‍ॅपवरचा मजकूर मराठीत करून देतो. परवा एका किराणा अ‍ॅपचं काम होतं, त्यात 'डिलिव्हरी विंडो' निवडायला सांगायचं होतं, रात्रीचा दीड वाजलेला, डोकं चालेना म्हणून सरळ 'डिलिव्हरीची खिडकी निवडा' लिहून मोकळा झालो. तपासणाऱ्या ताईंनी विचारलं, भाजी खिडकीतून आत टाकणार का 😅 चूक कबूल आहे पण तिकीट खिडकी, एक खिडकी योजना हे आपण बिनदिक्कत म्हणतोच की, मग इथेच काय बिघडलं? आणि वेळेला खिडकी म्हणायचं ही काय भानगड?

गच्चीवरून:
तिकीट खिडकीला खरंच खिडकी असते रे. एक खिडकी म्हटलं तरी सरकारी काउंटर डोळ्यासमोर येतोच. वेळेच्या विंडोत बघायचं असतं ते एवढंच की ती उघडते आणि बंदही होते. डेडलाइनला फक्त शेवट, आधी कधीही उरका. विंडोत आधी जाऊनही उपयोग नाही. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडालं ना, पृथ्वी आणि मंगळ तशा सोयीच्या जागी साधारण २६ महिन्यांनी येतात, ती लाँच विंडो हुकली असती तर थेट २०१६ ची वाट बघत बसायला लागलं असतं. आयपीएलची विंडो पण तशीच, दोन महिने बाकीच्यांनी वाट द्यायची.

बाकावरचा:
विंड अधिक डोर = विंडो. वारा येतो तो दरवाजा. शाळेत सरांनी शिकवलेलं.

जुनी वही:
@बाकावरचा सरांना नमस्कार, पण डोर नाही, डोळा. जुन्या नॉर्स भाषेत विंदाउगा, म्हणजे वाऱ्याचा डोळा, तो व्हायकिंग लोकांमुळे इंग्रजीत शिरला. त्याआधी इंग्रजीत जो शब्द होता त्याचाही अर्थ डोळ्याचं भोक असाच, त्यातला भोकवाला तुकडा आज नॉस्ट्रिलमध्ये म्हणजे नाकपुडीत उरलाय. जर्मन लोक लॅटिनवरून फेन्स्टर म्हणतात, तसला एक शब्द इंग्रजीतही काही शतकं होता, तो गेला पण डिफेनेस्ट्रेशन ठेवून गेला, माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे! १६१८ साली प्रागमध्ये तिघांना असं फेकलं, ते वाचले, पण त्या भांडणातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. आणि आपलं गवाक्ष? गो अधिक अक्ष, तिथेही डोळाच, फक्त गाईचा. भाज्याला, कार्ल्याला लेण्याच्या तोंडावर घोड्याच्या नालासारखी मोठी कमान आहे ना, तिला चैत्यगवाक्ष म्हणतात. सरांना दरवाजाच हवा असेल तर गोव्यात मिळेल, कोकणीतलं जनेल पोर्तुगीज जानेलावरून आलं आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला छोटा दरवाजा आहे.

चहाबाज:
भारीच. पण बटणावर काय लिहू ते कुणीच सांगेना

काळं रान:
आमच्याकडे ह्याला शब्द आहे की, वापसा. पाऊस झाला म्हणून लगेच पेरता येत नाही, चिखलात औत रुततं, आणि फार थांबलं तर वरून रान कडक होतं. मधले थोडे दिवस माती हातात घेऊन दाबली तर गोळा होतो आणि बोट लावलं की फुटतो, तेव्हा वापसा आला समजायचं. मुरमाड रानात लवकर येतो लवकर जातो, काळ्या रानात उशीर. तुमची विंडो म्हणजे हेच. शहरात मुहूर्त म्हणा फारतर.

गच्चीवरून:
वापसा निवडा 😂 पण शब्द एकदम फिट्ट आहे

चहाबाज:
@काळं रान शब्द वहीत लिहून ठेवला. 'कोणत्या वेळेत आणून देऊ?' असं पाठवलं होतं, ताई म्हणाल्या छान आहे पण बटणात मावत नाही. शेवटी 'वेळ निवडा' ठेवलं, खाली १० ते १, ४ ते ७ दिसतंच आहे.