मदत हवी आहे: एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरला आरएस-४८५ (दोन तारांवरून लांबवर डेटा पाठवायची) चिप जोडलीय, भट्टी सुरू झाली की डेटा तुटतोय

मंडळी नमस्कार, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत कोअर ओव्हनच्या (यात साच्यातले वाळूचे कोअर भाजतात) टेंपरेचर कंट्रोलरची रीडिंग मॉडबसवरून (कंट्रोलरशी बोलायची ठरलेली पद्धत) घ्यायचीत. बोर्ड एसटीएम३२एफ१०३, त्याला मॅक्स४८५ चं मॉड्यूल, ट्विस्टेड पेअर केबल, स्पीड ९६००. टेबलावर झकास चालतं, शेडमध्ये पण चालतं, पण शेजारच्या इंडक्शन भट्टीला पॉवर दिली की सीआरसी एरर (म्हणजे आलेला डेटा बिघडलेला) सुरू आणि मधूनच एखादा कंट्रोलर उत्तरच देत नाही.

काय काय बघून झालंय ते सांगतो. चिपच्या डीई-आरई (पाठवायचं की ऐकायचं ते ठरवणाऱ्या पिना) जोडून एकाच पिनवर घेतलंय आणि ती पिन लो करायला टीएक्सई (बफर रिकामा) नाही, टीसी (शेवटचा बिट पण गेला) फ्लॅगची वाट बघतोय, कारण ९६०० ला एक बाइट जायलाच १ मिलिसेकंदाच्या वर लागतो, घाई केली की शेवटचा बाइट कापला जातो. चिपला ५ व्होल्ट आहे म्हणजे आरओ (चिपचं रिसीव्ह आउटपुट) पण ५ चाच येणार, म्हणून तो पीए१० वर घेतलाय, ती पिन ५ व्होल्ट सोसते (पीए३ सोसत नाही, नवीन जोडणाऱ्यांनी हे बघूनच घ्या). १२० ओहमचे टर्मिनेशन रेझिस्टर फक्त लाइनच्या दोन टोकांना.

माझा संशय बायसवर (लाइन मोकळी असताना तिला ठरलेल्या पातळीवर धरणारे रेझिस्टर) आहे. लाइनवर कुणीच बोलत नसतं तेव्हा या १२० मुळं ए आणि बी या दोन तारांमधला फरक जवळजवळ शून्य होतो, चिपला तर २०० मिलिव्होल्ट पाहिजेत, मग भट्टीचा नॉइज तिला स्टार्ट बिट वाटणारच की. मॉड्यूलवरचे २०के चे बायस रेझिस्टर तिथं काहीच कामाचे नाहीत. दोन १२० मिळून ६० ओहम धरले तर ५ व्होल्टवरून ६८० ची जोडी लावून २११ मिलिव्होल्ट येतात, ५६० लावले तर २५४. ६८० लई काठावर वाटतंय, ५६० घेतले तर चिपवर लोड जास्त होईल का?

दुसरं म्हणजे ग्राउंड. ही चिप उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतच कॉमन मोड (दोन्ही तारांवर सारखंच येणारं व्होल्टेज) सोसते, आणि भट्टी चालू असताना दोन पॅनेलच्या ग्राउंडमधला फरक त्याबाहेर जात असेल तर नुसत्या बायसनं काय होणार? १०० ओहममधून तिसरी वायर ग्राउंडची टाकू का सरळ आयसोलेटेड ट्रान्सीव्हर (दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारी चिप) लावू? खर्च वाढला तरी चालेल, ओव्हनचं रीडिंग चुकलं की कोअर कच्चे राहतात आणि कास्टिंग रिजेक्ट जातं.

फाउंड्रीत नाहीतर साखर कारखान्यात कुणी अशी लाइन टाकली असेल तर शील्डचं अर्थिंग कुठल्या टोकाला केलं तेवढं पण सांगा.